तक्त्यामागची शेळी

चष्मेकाका मंडळात शिरले ते घराच्या प्रेमापोटी नव्हे, भीतीपोटी. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर एका जहाजाच्या कप्तानानं बांधलेलं दुमजली घर होतं, आणि त्या घराच्या पुढच्या लांबोळ्या खोलीत काकांचं चष्म्याचं दुकान होतं. कप्तानाला जाऊन पिढ्या लोटल्या होत्या. घर नगरपालिकेच्या गळ्यात पडलं होतं आणि नगरपालिका ते सोयीस्करपणे विसरून गेली होती. वर कबुतरं नांदत होती, मागची खोली कुलपात होती, आणि पुढे काका लोकांना अक्षरं वाचायला लावत होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वस्तीतल्या लोकांनी मंडळ काढलं, घर सांभाळायला मागून घेतलं आणि ते पूर्वी होतं तसं पुन्हा उभं करायचं ठरवलं.

"होतं तसं म्हणजे कसं?" काकांनी घरी येऊन काकूंना विचारलं. "कप्तानाच्या वेळी इथं चष्म्याचं दुकान होतं का?"

"कप्तानाच्या वेळी तुम्हीही नव्हता," काकू म्हणाल्या. "म्हणून काय तुम्हाला खरवडून काढणार आहेत?"

दुकान मुळात काकूंच्या वडिलांचं. काका तरुणपणी तिथं काचा घासायला म्हणून लागले, आणि मालकाच्या मुलीनं जी फ्रेम बसवली ती आजतागायत नाकावरून उतरली नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. काकू शेजारीच काउंटरवर असत. "अजून जरा घट्ट बसवायला हवी होती," एवढंच म्हणून त्या पुढच्या माणसाला बोलवत.

मंडळाच्या प्रमुख होत्या बाई. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरचा माणूस शेवटच्या बाकावर बसलाय अशा आवाजात बोलणाऱ्या. त्या एकदा चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या आणि दुकानाच्या छताकडे बघत म्हणाल्या, "काका, रविवारी काय करता?"

"झोपतो."

"मग या. झोपलेल्या माणसाला पुष्कळ काम आहे आमच्याकडे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, आणि बाई गेल्यावर खुलासा केला, "बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत बसून खोकलेलं बरं. काय ठरतंय ते निदान कळेल तरी."

असे काका हेर म्हणून गेले. पण रविवारी सकाळी बाईंनी त्यांच्या हातात पातळ पातं दिलं, जिन्याच्या कठड्यावरचा रंग थराथरानं सोडवायला सांगितलं, आणि हेराचं काही खरं राहिलं नाही. काकांचा हात आयुष्यभर काचेच्या कडा घासून स्थिरावलेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि कचेरीछाप पिवळ्याखालून हिरवा काढला, हिरव्याखालून तपकिरी, आणि तपकिरीखालून एक फिकट निळा असा निघाला की जेवायची वेळ टळून गेली तरी त्यांना पत्ता नाही. काकू शोधत आल्या तेव्हा काका जिन्यावर उकिडवे बसून कठड्याशी बोलत होते.

"हेरगिरी कशी चाललीय?" काकूंनी विचारलं.

"अगं, निळा!" काका म्हणाले.

काही दिवसांनी मंडळानं दर रविवारी लोकांना घर दाखवायचं ठरवलं. काम चालू असतानाच लोकांनी बघावं, म्हणजे त्यांना ते आपलं वाटेल, असा विचार. दाखवायचं काम अर्थातच बाईंकडे. पण बाई घर दाखवत नसत, घराचा तास घेत. प्रत्येक खोलीत प्रश्न विचारत, उत्तर चुकलं की पुन्हा विचारत. एकदा तर वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत निम्मे लोक गळाले आणि उरलेल्यांनी हात वर करून पाणी प्यायला जायची परवानगी मागितली. मग बाईंचा घसा बसला. औषधाला आवाज उरला नाही, आणि त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारून त्यांना पुढे ढकललं.

काकांनी पहिल्या दिवशी घाबरत घाबरत सुरुवात केली ती स्वयंपाकघरातून. तिथल्या फळ्यांना पुढून लाकडी पट्टी होती, जहाजावर असते तशी, वादळात भांडी घसरू नयेत म्हणून. "आता हे घर काही डुलत नाही," काका म्हणाले, "पण माणसाची सवय डुलते ना." लोक हसले. काकांना जोर चढला. जिना शिडीसारखा उभा होता आणि कठड्याच्या जोडीला जाड दोर होता. काकांनी प्रत्येकाला तो धरून चढायला लावलं. वरच्या खोलीत गोल खिडक्या होत्या, त्यांतून प्रत्येकाला बंदर बघायला लावलं. निळ्या रंगाच्या तुकड्याशी तर त्यांनी आपलं भिंगच लोकांच्या हाती दिलं. पोरंबाळं, आज्या, सगळे रांग लावून कठड्याला डोळा लावू लागले.

बाईंची एकच तक्रार होती. काका मधूनमधून वाहवत जात. "या खुर्चीत बसून कप्तान समुद्राच्या आठवणीनं सुस्कारे टाकत असेल," असं ते एकदा म्हणून गेले, आणि परत आलेल्या आवाजानं बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, खुर्ची मागच्या महिन्यात बाळनं केली आहे."

बाळ म्हणजे बाईंचा भाचा, सुतार. चांगला मिशाळ, पोक्त माणूस, पण आत्यापुढे बाळच. "पुराव्याशिवाय कप्तान शिंकलासुद्धा नाही, हे लक्षात ठेवायचं," बाई म्हणाल्या.

"ठेवतो," काका म्हणाले, आणि बाळकडे बघून बारीक डोळा मारला.

आता काकांच्या दुकानाची भिंत. दुकान लांब होतं ते सोयीचंच होतं, कारण डोळे तपासायचे तर खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता यांत बरंच अंतर लागतं. टोकाच्या भिंतीवर सासऱ्यांनी रुंद फळी ठोकली होती आणि तिच्यावर तक्ता टांगला होता. ती भिंत शेजारच्या घराला लागून. यंदा शेजाऱ्यांचा पाण्याचा नळ कुठंतरी आतल्या आत फुटला, आणि फळीच्या कडेनं ओल उतरली. बाळ म्हणाला, फळी काढून भिंत वाळू द्यायला हवी. काका म्हणाले, त्यात काय, दुकान बंद केल्यावर मीच काढतो.

त्यांनी खिळे उपसले, फळी ओढली, आणि फळीबरोबर तळहाताएवढा चुन्याचा पापुद्रा सुटून आला. खाली हिरवं होतं. हिरव्यात एक पिवळा डोळा होता.

काकांनी आयुष्यात डोळे खूप पाहिले होते. पण भिंतीनं त्यांच्याकडे बघण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी दिवा जवळ नेला. माणसाची बाहुली गोल असते, मांजराची उभी. ही आडवी होती, चपटी, पत्रपेटीच्या फटीसारखी.

"अगं, इकडे ये," काकांनी हाक मारली. "भिंतीत शेळी आहे."

काकू हातातली काच पुसत आल्या. "दमलात तुम्ही," म्हणाल्या, आणि मग त्यांनीही पाहिलं.

पुढचे तीन-चार दिवस दुकान बंद झालं की दोघं दार लोटून घेत आणि काका पातं चालवत. हळूहळू एक खिडकी उघडत गेली. खरी नव्हे, रंगवलेली. त्या भिंतीला खिडकी काढणं शक्यच नव्हतं, म्हणून कुणीतरी चौकट, उघडी झडप, सगळं हुबेहूब रंगवलं होतं. खिडकीबाहेर माळ होता, एक झाड होतं, आणि उंबऱ्यावर यावं तशी शेळी पुढचे दोन्ही पाय चौकटीवर टेकून आत बघत होती. तोंडात गवताची काडी. कुठं समुद्राचा थेंब नाही, जहाज नाही, शीड नाही.

काकू खुर्चीत बसून हसत सुटल्या. हसता हसता थांबल्या. "अहो, पण हे बघितल्यावर बाई आपल्याला इथं ठेवतील?"

काकांचा हात थांबला. ही घरातली सगळ्यात सुंदर गोष्ट होती, यात शंका नव्हती. आणि सगळ्यात सुंदर गोष्टीपुढे गिऱ्हाइकाला बसवून खालची ओळ वाचा म्हणायला कोण देणार? मागच्या खोलीत जायचं तर ती आखूड. काका थोडा वेळ पातं पुसत राहिले. मग भिंत कोरडी झाल्याची खात्री करून त्यांनी फळी चार बोटं पुढे, मागे हवा खेळेल अशी बसवली आणि वर तक्ता टांगला.

तेव्हापासून काकांच्या जिवाला स्वस्थता नाही. गिऱ्हाईक अक्षरं वाचत असे आणि काकांना अक्षरांमागून कुणीतरी रवंथ करतंय असं वाटे. रविवारी सगळं घर फुलवून सांगणारा माणूस शेवटी दुकानाशी आला की, "ही पुढची खोली, इथं काही विशेष नाही," असं पुटपुटून लोकांना रस्त्यावर काढू लागला. बाई म्हणत, कप्तानाची स्वतःची खोली कुठली ते काही कळत नाही, ही पुढची बहुधा सामानाचीच असणार. काका खोकत.

"सांगितलंत का?" काकू संध्याकाळी विचारत.

"नाही."

"बरं केलंत," काकू म्हणत, पण चेहरा वेगळंच म्हणत असे. मग दोघंही भाजी निवडत बसत. एकमेकांवर चिडावं तर गुन्हा दोघांचा मिळून.

अशात एका रविवारी एक ट्रकचालक आणि त्याची बायको घर बघायला आले. लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणारा धिप्पाड माणूस, जिना चढताना दोरासकट जिना खाली येतो की काय असं वाटलं. काकांनी नेहमीचं सगळं रंगवून सांगितलं. ट्रकचालकानं फळ्यांच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, गोल खिडकीतून पाहिलं, भिंगातून निळाही पाहिला. बाई त्या दिवशी मागे उभ्या राहून ऐकत होत्या. खाली आल्यावर काकांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"घर छानच आहे हो," ट्रकचालक म्हणाला. "पण सगळं जहाजच आहे की. मी वीस-वीस दिवस रस्त्यावर असतो. घरी आल्यावर मला स्टिअरिंग बघायची इच्छा होत नाही. हा माणूस घरी येऊन पण जहाजातच राहिला म्हणजे... मला तर बिचाऱ्याची कीव आली."

"तसं नाही," काका म्हणाले.

"तसंच दिसतंय ना."

"तसं नाही हो!" काकांचा आवाज चढला. एवढे रविवार त्या कप्तानाची बाजू मांडायची आणि शेवटी लोकांनी त्याची कीव करत घरी जायचं, हे त्यांना सोसेना. काकू काउंटरमागून मान हलवत होत्या, नाही म्हणून की हो म्हणून ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. काकांनी ट्रकचालकाच्या दंडाला धरलं, दुकानात आणलं, तपासणीच्या खुर्चीत बसवलं, आणि टोकाला जाऊन तक्त्यासकट फळी उचलून बाजूला ठेवली.

ट्रकचालक जो हसायला लागला तो खुर्ची करकरेपर्यंत हसला. "हां!" तो डोळे पुसत म्हणाला. "आता बरोबर. आता आला माणूस घरी." त्यानं बायकोला पुढे ओढलं. "बघ, बघ. मी घरी येऊन गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघत बसतो तर तू मला वेड्यात काढतेस."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"शेळी?" त्या म्हणाल्या.

"शेळी," काका म्हणाले.

"कधीपासून?"

काकांनी कधीपासून ते सांगितलं. बाईंनी सगळ्या पाहुण्यांना नीट रस्त्यापर्यंत पोचवलं, आणि मग मंडळाची बैठक बोलावली, वरच्या गोल खिडक्यांच्या खोलीत. काका वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे दाराशी उभे राहिले.

"शेळी सापडली याचा आनंद नंतर करू," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी इथं धूळ खाल्ली काका, तुमच्याबरोबर. आणि तुम्ही आमच्याच डोळ्यांत ती टाकलीत. दुकान घालवतील असं वाटलं तर विचारायचं होतं. मी काय खाऊन टाकणार होते?"

काकांना वाटलं होतं ते अगदी तेच. तेवढ्यात काकू उठल्या.

"एकट्या यांना बोलू नका बाई. फळी पुन्हा बसवताना ती धरून मी उभी होते. दुकान माझ्या वडिलांचं. ते जाईल म्हणून मी घाबरले, आणि यांना मी गप्प राहू दिलं. यांचं पोट दुखत होतं बिचाऱ्यांचं, न सांगून."

बाई जरा नरमल्या. "दुकान जायला कुठं हवंय? मागची खोली आहे की. बाळ दुरुस्त करून देईल. दोराची कोठी होती ती, उजेडही बरा आहे."

"ती आखूड आहे," काका पटकन म्हणाले. एवढाच एक मुद्दा त्यांच्याकडे शिल्लक होता. "तक्त्याला अंतर लागतं. आखूड खोलीत डोळे तपासता येत नाहीत."

"येतात," काकू म्हणाल्या. "समोर आरसा लावायचा आणि तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं टांगायचा. नजर जाऊन येऊन अंतर भरून निघतं. बाबांचं पहिलं दुकान एवढंसं होतं, तिथं असंच होतं."

काकांनी बायकोकडे पाहिलं. "हे तू आत्ता सांगतेस?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं का?" काकूंनी शांतपणे विचारलं. काकांना अर्थातच ठाऊक होतं. सगळी खोली हसली, आणि बैठकीचा उरलेला भाग बाळनं मागच्या खोलीची मापं सांगण्यात गेला.

दुकान हलवायचा दिवस काकूंना जड गेला. सामान मागे गेल्यावर त्या पुढच्या रिकाम्या खोलीत तपासणीच्या खुर्चीत बसून राहिल्या. काका शेवटचा खोका न्यायला आले तर काकूंचे डोळे भरलेले.

"बाबा जन्मभर याच भिंतीकडे बोट दाखवून लोकांना विचारायचे, काय दिसतंय," त्या म्हणाल्या. "त्यांना बघायला मिळायला हवी होती ही."

काकांनी खोका खाली ठेवला आणि बाजूला भिंतीला टेकून बसले. बाहेरून कुणी हाक मारीपर्यंत दोघं तसेच होते. खुर्ची मागे न्यायची होती, पण ती काकांनी त्या दिवशी नेलीच नाही.

मागच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक म्हणून बाई स्वतः आल्या, समेट म्हणा किंवा देखरेख म्हणा. काकांनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, काचा घातल्या, दिवा लावला. "आरशात बघा आणि वाचा."

बाई वाचेनात. त्यांनी मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली. चेहरा पांढरा पडत चालला.

"काका," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि बाईंचा एवढा हळू आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता, "मला अक्षरं स्वच्छ दिसतायत, पण एकही ओळखू येत नाही. खरं सांगा, हे डोळ्यांचं आहे की डोक्याचं?"

काकांनी आरशात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आरशासाठी अक्षरं उलटी रंगवून घ्यायची होती. बाळनं जुनाच सुलटा तक्ता आणून टांगला होता. "बाईंचं काही नाही," काका म्हणाले, "बाळचं आहे." बाईंनी फ्रेम नाकावर तशीच ठेवून बागेकडचं दार उघडलं आणि "बाळ!" अशी हाक दिली की वरची कबुतरं उडाली. बाळ हातात रंगाचा डबा घेऊनच आला. त्यानं तिथंच बसून उलटी अक्षरं काढली, त्यातलं एक चुकून सुलटं निघालं. ते बाईंनीच आरशात बघून पकडलं, म्हणजे नजर ठणठणीत होती.

शेळीची गोष्ट गावभर झाली. लोक ती बघायला म्हणून येऊ लागले, आणि रविवारी एकट्या काकांना आवरेना. दुसरी तुकडी कुणी न्यायची यावर मंडळात चर्चा चालली असताना काका घर दाखवताना घालत ती टोपी काकूंनी काउंटरमागून उचलली. "मी नेते. इतकी वर्षं यांचं ऐकतेय, पाठ झालंय."

पाठ झालेलं त्यांनी काही सांगितलं नाही. आपल्याच पद्धतीनं सांगितलं. आपली तुकडी आटोपून काका मागच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांची फ्रेम वाकवून बसवत होते. पुढून हशाचा एक लोट आला. थोड्या वेळानं दुसरा आला, आणखी मोठा.

"काय चाललंय तिकडे?" गृहस्थांनी विचारलं.

"आमची ही घर दाखवतेय," काका म्हणाले. कान त्यांचा पुढेच होता. तिसरा हशा आला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "तुम्ही जरा बसता का? की येता माझ्याबरोबर?"

"चष्म्याशिवाय येऊन मला काय दिसणार?"

"ऐकायचंच आहे," काका म्हणाले. त्यांनी गृहस्थांचा हात धरला, दुसऱ्या हातात त्यांची अर्धवट वाकवलेली फ्रेम धरली, आणि दोघं स्वयंपाकघरातून पुढे निघाले.